एका पावसाची दोन सुखं

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने विरार मागे टाकून मनोरकडे निघालं की रिसॉर्टच्या पाट्या दिसू लागतात. नदीकाठची खोली, तेलाचं मालिश, गरम पाण्याचा हौद, संध्याकाळी वाईनचा ग्लास. पालघर-बोईसरच्या आसपास, वैतरणा आणि सूर्या या नद्यांच्या काठाने ही सगळी सुखं विकत मिळतात. दमल्या माणसाने ती जरूर घ्यावीत. पण त्यातली दोन सुखं, गरम पाण्यातली डुंबणी आणि द्राक्षाची वाईन, आपल्या मातीत येतात कुठून याचा शोध घेतला की थक्क व्हायला होतं. दोन्हींची मुळं एकाच डोंगरात आहेत, आणि त्या डोंगराची गोष्ट साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आहे.

पालघर तालुक्यातच कोकनेर, हालोली आणि सातिवली इथे जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं. थोडं दक्षिणेला, जिल्ह्याची हद्द ओलांडून भिवंडी तालुक्यात गेलं की तानसा नदीच्या काठी अकलोली, वज्रेश्वरी आणि गणेशपुरीची कुंडं आहेत. तिथे ना बॉयलर, ना लाकूडफाटा, ना विजेचं बिल. आणि सह्याद्रीच्या पलीकडे, घाट चढून गेलं की नाशिकचे द्राक्षमळे. अलीकडे कढत पाणी आणि पलीकडे गोड घड, ही वाटणी केली कुणी?

त्र्यंबकच्या दोन लेकी

त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि पूर्वेची वाट धरून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्याच परिसरातल्या डोंगरांत वैतरणेचाही उगम आहे. ती पश्चिमेला वळते आणि मोखाडा, वाडा, पालघर, वसई असा उतार उतरत दीडशेच्या आसपास किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. तानसा, पिंजाळ, देहर्जे, सूर्या या तिच्या उपनद्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन राज्याचा ३६ वा जिल्हा झालेल्या पालघरचा बराचसा पाऊस याच नद्यांतून वाहतो. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्साही याच खोऱ्यातला. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतं आहे. मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा ही धरणं त्याच्या मागून आली.

नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून ढग घेऊन येतात आणि सह्याद्रीला धडकतात. कोकणपट्टीत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर इगतपुरीला तीन हजारांच्याही वर. तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिक शहरापर्यंत पोचेतो ढग रिते झालेले असतात. नाशिकच्या वाट्याला येतो सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. डोंगर एकच, ढगही तेच. फक्त उतार बदलला की हवा, पीक, पाणी, सगळं बदलतं.

हा डोंगर उभा राहिला लाव्हाच्या थरांमधून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि तप्त लाव्हा बाहेर ओतला गेला, पसरला, थिजला. मग त्याच्यावर पुढचा थर, त्याच्यावर आणखी पुढचा. आज झिजून उरलेला हा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि कळसूबाईचं १,६४६ मीटर उंचीचं शिखरही त्याचंच. त्यानंतर काही दशलक्ष वर्षांत भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्स बेटांचा भूभाग तुटून दूर गेला. तुटल्या बाजूची जमीन समुद्राकडे खचली, वाकली. तो कडा पाऊस-वाऱ्याने झिजत झिजत आत सरकला आणि आजचा सह्याद्री झाला.

जमीन वाकल्याची खूण अजून डोळ्यांनी दिसते. घाटातले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. तेच थर किनाऱ्याजवळ आले की पश्चिमेला झुकतात. जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकाने १९४९ मध्ये याचं वर्णन केलं. भूशास्त्रात हा बाक पनवेलच्या नावाने ओळखला जातो. कातळ वाकताना तडकतो. त्या तडांमध्ये पालघरच्या गरम पाण्याचं गुपित आहे.

कुंडाच्या काठावर

गणेशपुरी किंवा अकलोलीच्या कुंडाशी थोडा वेळ नुसतं बसून बघावं. दगडी पायऱ्यांचा चौकोनी हौद, पाण्यावर पहाटे तरंगणारी वाफ. तळाच्या एखाद्या फटीतून बुडबुड्यांची माळ सुटते, थांबते, पुन्हा तिथूनच सुटते. काठाच्या दगडावर हिरवट-निळसर, बुळबुळीत थर असतो. ज्या पाण्यात आपला हात फार वेळ ठेववत नाही, त्यात सुखाने वाढणारे हे सूक्ष्मजीव आहेत. नाकाला गंधकाचा किंचित वास येतो आणि जिभेला पाणी जरासं मचूळ लागतं. एका कुंडात पाऊल टेकवत नाही, तर शेजारच्या कुंडात आजोबा गुडघे चोळत निवांत बसलेले. काही झरे तर थेट नदीच्या पात्रात आहेत. पावसाळ्यात ते गढूळ पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला की पुन्हा उघडे होतात, तसेच गरम.

या पाण्याभोवती भक्तीचा मोठा इतिहास आहे. वज्रेश्वरीने मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी लोककथा आहे. १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांचा देवीला बोललेला नवस फेडला गेला आणि किल्ल्यासारख्या तटाचं आजचं देऊळ उभं राहिलं. १९३६ मध्ये भगवान नित्यानंद गणेशपुरीला येऊन राहिले आणि १९६१ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. भीमेश्वराच्या देवळाजवळच्या कुंडांत स्नान करून दर्शनाला जायची रीत आजही चालू आहे.

हे झरे एकटेदुकटे नाहीत. उत्तरेला कोकनेरपासून सुरू झालेली रांग पालीजवळचं उन्हेरे, उन्हवरे, संगमेश्वराकडचे अरवली, तुरळ, राजवाडी करत दक्षिणेला राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत जाते. लांबी तीनशे किलोमीटरहून जास्त, आणि सगळे झरे समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या अरुंद पट्टीत. कुठे पाणी नुसतं कोमट, तर उन्हवऱ्याला सत्तर अंशांच्या घरात. भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरातल्या सुमारे तीनशे गरम झऱ्यांची यादी केली होती. ती त्यांच्या निधनानंतर, १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली.

चूल कुठे आहे?

बहुतेकांचं उत्तर असतं, खाली ज्वालामुखी असेल. कोकणात आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. जुन्या लाव्हाची धगही शिल्लक नाही, कारण दहा-वीस मीटर जाडीचा लाव्हाचा थर थंड व्हायला दशकं किंवा फार तर शतकं पुरतात. इथे तर कोट्यवधी वर्षं उलटली आहेत. दुसरं उत्तर येतं गंधकाचं. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा हे खरं, पण पाणी त्याने तापत नाही. ती संयुगं पाण्यासोबत वर आलेली असतात, एवढंच.

खरी चूल सगळ्यांच्याच पायाखाली आहे. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. वरची जमीन २७ अंशांवर धरली तर दोन किलोमीटर खाली खडक ८० अंशांच्या आसपास असायला हवा, तीन किलोमीटरवर शंभरच्या पुढे. म्हणजे पालघर स्टेशनवर लोकलची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाच्या खालीही, तीनेक किलोमीटरवर, पाणी उकळेल एवढा खडक तापलेला आहे.

ही ऊब येते दोन ठिकाणांहून. एक म्हणजे पृथ्वी घडताना आत कोंडलेली उष्णता. दुसरी म्हणजे खडकांमधले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे अणू सावकाश फुटत राहतात, त्यातून निघणारी. जपानच्या कामलँड प्रयोगाने भूगर्भातून येणारे न्यूट्रिनो मोजून २०११ मध्ये दाखवलं की पृथ्वीबाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी जवळपास निम्मी या किरणोत्सारी अणूंची आहे. ही एकूण उष्णता सुमारे ४७ लाख कोटी वॉट भरते. पण ती इतकी पसरलेली आहे की दर चौरस मीटरला एका वॉटचा दहावा भागही येत नाही. नऊ वॉटच्या एका दिव्यापुरती ऊर्जा हवी तर शंभरेक चौरस मीटर जमिनीची ऊब गोळा करावी लागेल.

आणि इथे तारापूर आठवतं. बोईसरच्या पश्चिमेला समुद्राकाठी भारताचं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून उभं आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची रचना युरेनियमच्या अणूचं विखंडन घडवून पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, अशी आहे. कोकनेरच्या झऱ्याखाली युरेनियम आपल्या कलाने, कुणी न छेडता, कोट्यवधी वर्षांत क्षीण होत असतं आणि त्याची ऊब झिरपलेल्या पाण्याला लागते. दोन प्रक्रिया वेगळ्या, वेग तर कमालीचा वेगळा, पण दोन्हीकडे पाणी तापवण्यात अणूच्या गाभ्यातल्या शक्तीचा वाटा आहे. एकाच तालुक्यात माणसाने बांधलेली अणूची चूल आणि निसर्गाची अणूची चूल दोन्ही आहेत, याची कल्पना किती थोड्यांना असेल!

खाली गेलेलं पाणी वर येतं कसं?

जमिनीखाली ऊब सगळीकडे आहे, मग झरे मोजक्याच जागी का? कारण पाण्याला खोल उतरायला आणि पुन्हा लवकर वर यायला वाट हवी. अखंड बसाल्टमधून पाणी फारसं जात नाही. ते जातं भेगांमधून. डोंगराळ भागात पडलेल्या पावसाचा थोडासा अंश भेगाभेगांतून खाली उतरत जातो. खोल गेल्यावर तो तापतो. तापलेलं पाणी हलकं होतं, आणि मागून उंचावरच्या पाण्याचा दाब असतोच. जमीन वाकताना पडलेल्या मोठ्या भेगा सापडल्या की ते त्यातून वर चढतं. वेग चांगला असेल तर वाटेत निवायला वेळ मिळत नाही आणि ते कढतच बाहेर पडतं. वेग मंद असेल किंवा वरच्या थरातलं गार पाणी मिसळलं तर कुंड नुसतं कोमट होतं. शेजारशेजारच्या कुंडांच्या तापमानात फरक का, याचं उत्तर हेच.

झरे नदीच्या काठी का, हेही आता उलगडतं. दाबाखालचं पाणी बाहेर पडायला सगळ्यात सखल जागा शोधतं आणि दरीतली सखल जागा म्हणजे नदी. शिवाय नदीही पुष्कळदा कातळाच्या कच्च्या, भेगाळलेल्या रेषेवरूनच आपलं पात्र कोरते. म्हणून तानसेच्या काठी कुंडं असणं हा योगायोग नाही. नदीकाठी विसावा घेत गरम पाण्यात बसायचं, ही कल्पना निसर्गानेच आखून ठेवलेली आहे.

इतक्या खोलवर कुणी गेलेलं नसताना हे सगळं कळतं कसं? पाणीच सांगतं. वाळूतलं सिलिका थंड पाण्यात जेमतेम विरघळतं, गरम पाण्यात जास्त, जशी साखर गार सरबतापेक्षा गरम चहात पटकन आणि जास्त विरघळते. झऱ्याच्या पाण्यातलं सिलिका मोजलं की ते खाली किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो. कोकणच्या झऱ्यांसाठी असे अंदाज शंभर अंशांच्या अलीकडे-पलीकडे येतात. पृष्ठभागावर पन्नास अंश दिसणारं पाणी तळाशी त्याच्या दुप्पट तापलेलं होतं!

दुसरा साक्षीदार म्हणजे पाण्यातले जड अणू. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचं पावसाच्या पाण्यात एक ठरावीक नातं असतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तुरळ-राजवाडीच्या पाण्याची अशी तपासणी केली, तेव्हा ते मूळचं पावसाचंच पाणी असल्याचं दिसलं. पाताळातून आल्यासारखं वाटणारं पाणी आपल्याच आभाळातून पडलेलं असतं.

तिसरा साक्षीदार त्या बुडबुड्यांमध्ये सापडतो. गरम झऱ्यांच्या वायूत पुष्कळदा हेलियम असतो. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या कुंडांमधला हेलियम शास्त्रज्ञ श्यामादास चॅटर्जी यांनी शोधला आणि तो गोळा करण्यासाठी आयुष्य वेचलं. युरेनियम आणि थोरियमचा अणू क्षीण होताना जो अल्फा कण बाहेर फेकतो, तो म्हणजे हेलियमचा गाभा. दोन इलेक्ट्रॉन पकडले की झाला हेलियमचा अणू. खडकात काळाच्या ओघात साठलेला हा वायू पाण्यासोबत वर येतो, हवेत मिसळतो आणि अखेरीस अवकाशात निघून जातो.

अंगाला नेमकं काय मिळतं?

गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसलं की पहिली गोष्ट होते ती भार हलका होण्याची. पाण्याचं प्लावक बल आपलं वजन पेलतं आणि पायांवर, गुडघ्यांवर शरीराच्या वजनाचा दहावा हिस्साच उरतो. त्याच वेळी पाणी चहूबाजूंनी दाबतं. पायांतलं आणि पोटातलं सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे ढकललं जातं, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त उचलतं. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. कुंडातून उठल्यावर अंग हलकं-हलकं वाटतं त्याला असं भक्कम कारण आहे.

झोपेशीही याचा संबंध आहे. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. झोपायच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने दहाएक मिनिटं अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यात आढळलं. गरम पाण्याने त्वचेकडे रक्त धावतं, मग शरीर आतली उष्णता झपाट्याने बाहेर टाकतं आणि आतलं तापमान उतरलं की झोप येते.

आपल्या वैद्यांना शेकाचं महत्त्व फार आधीपासून ठाऊक होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनावर चौदावा अध्याय आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. औषधी काढ्याने भरलेल्या पात्रात बसायचं अवगाहन हा त्यातलाच एक. आधी तेल, मग शेक, हा क्रम आपण घरोघरी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानात पाळतोच. रिसॉर्टमधलं मालिश आणि त्यानंतरचा गरम हौद याच वाटेने जातात.

थोडी काळजी मात्र घ्यावीच. हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाब कमी राहणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कढत पाण्यात उतरू नये. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत, उठताना सावकाश उठावं, डोकं बुडवू नये. नाकात पाणी जाऊ देऊ नये, कारण कोमट गोड्या पाण्यात क्वचित नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा घातक अमिबा असू शकतो. आणि वाईनचा ग्लास हौदातून बाहेर पडून, अंग निवल्यावरच हाती घ्यावा. मद्यानेही रक्तवाहिन्या रुंदावतात. दोन्ही एकत्र झाले की रक्तदाब एकदम उतरून घेरी येते.

घाटापलीकडचा वेल

आता डोंगराची दुसरी बाजू. नाशिकच्या जमिनीतही तोच लाव्हा आहे, झिजून माती झालेला. पाऊस बेताचा, उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हिवाळ्यातली रात्र बोचरी आणि दिवस लख्ख. रात्रीच्या गारव्यात मण्यातलं आम्ल टिकतं, दिवसाच्या उन्हात साखर भरते. चांगल्या वाईनला हे दोन्ही लागतं.

तरीही इथे द्राक्ष पिकणं हे एक नवलच आहे. युरोपात हिवाळा आला की वेल पानं टाकून झोपतो, वसंतात जागा होतो आणि शरदात घड देतो. नाशिकला त्याला झोपवेल असा हिवाळा नाही. मोकळा सोडला तर तो वर्षभर पालाच वाढवत राहील. म्हणून आपल्या बागायतदारांनी कात्रीने ऋतू घडवले. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी होते. जुनी काडी एक-दोन डोळे राखून खरडून काढली जाते. नव्या फुटव्याच्या काडीत, डोळ्याच्या आत, पुढच्या घडाचा सूक्ष्म आराखडा याच उन्हाळ्यात तयार होतो. पुढचे महिने तो तिथेच दडून राहतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. काडीवर हवे तेवढे डोळे राखून शेंडा कापायचा, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची. मग त्या डोळ्यांतून पानांसोबत घड बाहेर पडतो. दोन छाटण्या, पीक एक.

छाटणी करणाऱ्या मजुराचा हात बघण्यासारखा असतो. काडी बोटांत फिरवायची, डोळे मोजायचे, कुठला फुगीर आणि कुठला चपटा हे चाचपायचं आणि क्षणात कात्री चालवायची. एक डोळा वर किंवा खाली गेला तर वर्षाचं उत्पन्न हलतं. फुलोऱ्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर डाऊनी ही बुरशी पडते, थंडीत भुरी या दुसऱ्या बुरशीची भीती, मणी पक्व होताना पाऊस आला तर तडे. जानेवारी ते मार्चमध्ये वाईनचा घड उतरेपर्यंत बागायतदाराची झोप पातळच असते.

वाईनचा उद्योग इथे रुजला तो अगदी अलीकडे. उद्योजक शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला चमचमती वाईन बनवून जगाला दाखवलं. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. आज गोदावरीच्या जलाशयाकाठी मळा, राहायची खोली आणि वाईन असा बेत नाशिकला सहज जमतो.

पालघरची स्वतःची वाईन

पालघरच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या झडीत द्राक्षाचा वेल रोगांनीच खचेल. पण या उताराचं आपलं फळ आहे. डहाणू-घोलवड-बोर्डीच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथे त्याचा चीक वाळवून माणसं चघळत आणि च्युइंग गमची सुरुवात त्यातूनच झाली. समुद्राची दमट हवा, सौम्य थंडी आणि मुबलक पाऊस चिकूला इतका मानवला की तो इथलाच होऊन गेला.

बोर्डीत हिल झिल वाइन्सने या चिकूपासून वाईन करून दाखवली. ते सोपं काम नाही. कच्च्या चिकूत चीक आणि तुरटपणा, तर पिकलेला चिकू दोन दिवसांत उतरणीला लागतो. नेमक्या पिकलेल्या फळाचा गर घ्यायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. दर लिटरला १७ ग्रॅमच्या आसपास साखर खर्ची पडली की अल्कोहोल एका टक्क्याने वाढतं. या कामात यीस्ट उष्णताही सोडतं, म्हणून टाक्या सतत गार ठेवाव्या लागतात. नाही तर फळाचा सुवास उडून जातो. ज्या जिल्ह्यात जमीन पाणी तापवते, तिथल्या वायनरीत माणसं रस निववत बसलेली असतात.

हे टिकलं कशामुळे, टिकेल कशाने?

डहाणूच्या वाड्या आज हिरव्या आहेत त्यामागे मोठी लढाई आहे. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं आणि त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ ही राखण केली. डहाणूला लागूनच तारापूरचं औद्योगिक क्षेत्र आहे. हजारो घरांची चूल त्यावर पेटते. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तेच देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत सगळ्यात वर होतं. ही दोन टोकं एकाच जिल्ह्यात, शेजारीशेजारी उभी आहेत.

गरम झऱ्याचं पाणी भेगांमधून खोल जाऊन परत यायला दशकं लागतात, कधी शतकंही. याचा अर्थ साधा आहे. आज आपण ज्या पाण्यात गुडघे शेकतो, तो पाऊस आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात पडलेला असू शकतो. तेव्हा डोंगरावर झाडी होती, म्हणून तो जिरला. आज जमिनीत जे ओतलं जाईल, जो डोंगर बोडका होईल, त्याचा हिशेब आपल्या नातवंडांच्या कुंडात निघेल. म्हणून पालघरला नदीकाठी दोन दिवस घालवायला जाल तेव्हा कुंडात साबण आणि प्लास्टिक सोडू नका. राहत्या जागेचं सांडपाणी कुठे जातं हे मालकाला विचारा. बोर्डीचा चिकू तिथल्या वाडीवाल्याकडूनच घ्या, म्हणजे वाडी विकायची वेळ त्याच्यावर येणार नाही. हा डोंगर साडेसहा कोटी वर्षांनंतरही दोन्ही उतारांवर माणसाला सुख देतो आहे. त्याचं पाणी जिथे जिरतं ती जमीन मोकळी आणि स्वच्छ राखणं आपल्या हातात आहे आणि ते आपण केलंच पाहिजे.